सावडीची भाकर

नववी मी दोनदा केली. डोकं नव्हतं म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण आजही कुणी तसं हसत म्हटलं की माझं टाळकं सटकतं. पहिल्या खेपेला वार्षिक परीक्षा होती तेव्हा मी साखर कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत भाकरी थापत होते. दसरा झाला की आमची निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊस तोडायला जायची. माय आणि दादा जायचे, आणि त्यांच्या मागं मी. गावात घराला कुलूप आणि शाळेत माझ्या नावापुढं गैरहजरी.

म्हणून मी दहावीत गेले त्या पावसाळ्यात मायनं चुलीपुढं बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला. "औंदा कोयता न्हाई. पोरगी मॅट्रिकला हाय. आपण मिरची लावू."

दादा म्हणजे माझे वडील. बोलायला कमी आणि भ्यायला जास्त. ते बराच वेळ विडीच चाळवत बसले. मग म्हणाले, "आन मिरची न्हाई साधली तर?"

"तर काय, मुकादमाचा ट्रक कुठं पळून चाललाय? दिवाळी झाल्यावर तो दुसऱ्यांदा फेरी मारतोच. देवगाव फाट्याला हुबा राहतो. बसू त्यात."

असा करार झाला. मिरची साधली तर आम्ही गावात आणि मी शाळेत. नाही साधली तर फाट्यावरचा ट्रक, आणि माझी दहावीही नववीच्याच वाटेनं जाणार. त्या दिवसापासून मी मिरचीच्या रोपांकडं अशी बघायचे, की अभ्यासाच्या पुस्तकांकडं तितकं बघितलं असतं तर मास्तरांनी पाठ थोपटली असती.

शेत म्हणजे गायरानातला तुकडा. आजोबांनी दगड वेचून वेचून तो कसण्याजोगा केला होता, आणि त्यातली विहीर आमच्या सगळ्या वस्तीनं सावडीनं खांदली होती. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या कामाला या, उद्या मी तुमच्या. रोज द्यायचा नाही, घ्यायचा नाही. हाताला हात फेडायचा, म्हणजे तिघं आले तर परत तिघांनीच जायचं. आणि ज्याच्या शेतात काम, त्याच्या घरची दुपारची भाकर. रोजानं जाणारी बाई आपली भाकर फडक्यात बांधून नेते, सावडीची बाई मोकळ्या हातानं जाते. आमच्याकडं हे कुणी शिकवत नाही, चालायला येतं तसंच येतं.

मिरची अशी आली की नजर लागावी. पानं आवळणारा बोकड्या रोग पडला नाही, पाणी पुरलं, दिवाळीच्या सुमाराला झाडं वाकली. पहिला तोडा आम्ही घरच्याघरी कसाबसा काढला. दुसरा तोडा आला आणि तिथं सगळं अडलं, कारण तोडायला माणूसच नाही.

संध्याकाळी बाया सांगायला जायचं काम माझं. वस्तीत घरोघरी जाऊन 'उद्या आमच्याकडं या' म्हणायचं. पण वस्तीत होतंच कोण? धडधाकट होते ते कारखान्यावर. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि शेरडं. राहिलेल्या बाया कापसाला जायच्या. कापूस फुटला होता, वेचणी वजनावर होती, आणि मोठे शेतकरी सकाळी वेशीपर्यंत ट्रॅक्टर पाठवून बाया उचलून न्यायचे. आमच्या मिरचीला कोण येणार? मिरचीनं हातांची आग होते, कापूस मऊ असतो. नाही मात्र कुणी म्हणायचं नाही. "येते की. परवाच्याला नक्की येते." तो परवा कधी उगवला नाही. एका मावशीनं तर मला चहा पाजून, डोक्यावरनं हात फिरवून नाही म्हटलं, इतक्या गोडीनं की घरी आल्यावर मायनं विचारलं, "मंग येणार हाय का न्हाई ती?" आणि मला सांगता येईना.

सेलूचा व्यापारी बजावून गेला होता की रविवारी त्याचा टेम्पो येईल. भरती पुरी असली तर उचलीन, अर्धीमुर्धी असली तर फाट्यावरूनच परत जाईन. त्याचंही खोटं नव्हतं, अर्ध्या भरतीला टेम्पो कोण फिरवतो? आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याच फाट्यावर मुकादमाचा ट्रक लागणार होता.

माय आणि मी दव उतरायची वाट बघायचो, कारण ओली मिरची तोडली की गोणीत सडते. मग दादांचे जुने लांब बाह्यांचे सदरे लुगड्यावरनं, झग्यावरनं चढवायचो आणि एकेक पात धरायचो. पात म्हणजे एका बाईनं धरायची झाडांची ओळ. धरलेली पात अर्ध्यात सोडायची नाही, हा बायांचा कायदा. दादा गोण्या उचलायचे. तोडणं, वेचणं, खुरपणं ही बायांची कामं, गड्यानं पात धरलेली आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. आसपास कुणी नसलं की दादा हळूच दोन-चार झाडं तोडायचे, पण दर झाडाला एकदा मान वर करून रस्त्याकडं बघायचे. बैलगाडी दिसली की लगेच गोणीला हात. मला हसूही यायचं आणि चीडही. माय म्हणायची, "राहू दे ग. ह्येंच्या मानेतच भ्या बसलंय."

दोन बाया आणि एवढी मिरची. खालच्या फांद्या लाल पडायला लागल्या. झाडावर मिरची लाल होत राहिली की वरचा फुलोरा गळतो, आणि पुढचा तोडाही जातो. माय लाल मिरची दिसली की नुसती चुकचुकायची. दादा संध्याकाळी घरी आले की कोपऱ्यातल्या कोयत्याकडं बघायचे, आणि मी त्यांच्याकडं.

आमच्या बांधाला बांध लागून एका बाईचं शेत होतं. शेतकरी घरातली, गावातली. आमचं बौद्धाचं घर, वस्तीतलं. आम्ही तिला बाई म्हणायचो, ती आम्हाला 'अगं' म्हणायची. तिचा नवरा दम्यानं घरात बसून होता, दोन लग्नाच्या मुली होत्या, आणि शेत तीच बघायची. इतक्या वर्षांत बांधावरनं बोलणं झालं ते पाण्याच्या पाटाचं आणि चुकून शिरलेल्या बैलाचं. विद्यापीठाच्या नावावरून जो दंगा पेटला त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, पण आमची कडब्याची गंज एका दुपारी जळाली. कुणी पेटवली ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. दादा त्या वेळी फाट्यावर होते, धूर बघून धावत आले आणि राखेपुढं उभे राहिले. त्यांचं ते भ्यालेपण तेव्हापासूनचं. गाव आणि वस्ती त्यानंतर कामापुरतंच बोलायची.

आणि गुरुवारी दिवस कलताना ती बाई बांधावर येऊन उभी राहिली. आमच्याकडं न बघता, आपल्याच कापसाकडं बघत बोलली.

"मिरची लाल पडायली तुमची."

"व्हय बाई," माय म्हणाली.

"माझाबी कापूस खाली लोळायलाय. बाया मिळंनात. मोठ्यायच्या ट्रॅक्टरात बसून जायल्यात सगळ्या." मग मुद्द्यावर आली. "मी आन माझ्या दोघी पोरी. आमी तुमच्या मिरचीला येतो. मंग तुमी माझ्या कापसाला या."

माय चाट पडली. गावातली बाई आमच्या रानात कामाला? ती म्हणाली, "रोज काय घेताल बाई?"

"रोजाचं नाव काढू नगं. सावड म्हण."

मला लगेच उमगलं. रोज घेतला की ती आमची मजूर झाली, भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. सावडीत कुणी मालक नसतं, कुणी मजूर नसतं. नुसता हाताला हात. माय म्हणाली, "सावड तर सावड." ठरलं. दोन दिवस त्यांनी आमच्याकडं, मग दोन दिवस आम्ही त्यांच्याकडं. दोघीही एवढ्या अडलेल्या होत्या की सावड म्हटली म्हणजे पुढं काय काय आलं, याचा विचार एकीनंही केला नाही.

शुक्रवारी दव उतरायला त्या तिघी आल्या. कमरेवर आपली पाण्याची कळशी होती. आमच्या विहिरीचं पाणी त्या पिणार नव्हत्या, हे मला दिसलं आणि झोंबलंच, पण मी जीभ चावली. मायनं आधीच बजावून ठेवलं होतं, "तुझं तोंड म्हंजे वैरी हाय तुझा. मिरची निघंस्तवर झाकून ठेव." पाच पाती लागल्या. काय हात होते त्यांचे! थोरली मुलगी तर दोन्ही हातांनी तोडायची, देठासकट, फूल न पाडता. दुपारपर्यंत गोण्यांची रांग लागली आणि मला पहिल्यांदा शाळा दिसायला लागली.

दुपारी सगळ्या लिंबाखाली आल्या. मायनं पहाटे उठून भाकरी केल्या होत्या, पिठलं, लसणाची चटणी, कांदे. सावड होती ना, मग तिच्या हातांनी ते आपोआप केलं. टोपलं मी आणलं, मधे ठेवलं, वरचं फडकं काढलं. आणि तेव्हा मी पाहिलं की त्या तिघींकडं फडकं नाही, गाठोडं नाही, काहीच नाही. त्याही आपोआप मोकळ्या हातानं आल्या होत्या. आयुष्यभर सावडीला जशा गेल्या तशाच. पाण्याचा विचार बाईनं केला होता. भाकरीचा राहून गेला होता.

धाकटीनं टोपल्याकडं पाहिलं आणि आईकडं पाहिलं. शेजारणीचा चेहरा उतरला. ती आपले हात बघत म्हणाली, "आज आमचा उपास हाय."

शुक्रवारचा कसला उपास, आणि तिघींचा एकदम? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंड उघडलंच होतं मी, की सकाळपासून तुमच्या पोरी बांधावरची बोरं खायल्यात ती काय उपासाची होती का. मायनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळा राहिला. तिनं शांतपणे टोपल्यावर फडकं परत टाकलं.

"मंग आमचाबी उपास," ती म्हणाली. "उठ ग."

सावडीत पाहुणा जेवल्याशिवाय घरधनीण जेवत नाही. मग माय तरी कशी जेवणार? आणि माय जेवत नाही म्हटल्यावर मी? पाचही बाया उपाशी उठल्या आणि परत पाती धरल्या. भाकरी तिथं लिंबाखाली, पिठल्याचा वास येतोय, पोटात कावळे कोकलतायत, आणि आम्ही मिरच्या तोडतोय. ऊन चटके देत होतं. हात ढिले पडले. सकाळी जेवढं निघालं त्याच्या निम्मंही दुपारनंतर निघालं नाही. तिसऱ्या प्रहरी धाकटी पातीतच मटकन बसली, डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून. तिच्या आईनं तिला कळशीतलं पाणी पाजलं आणि आमच्या टोपल्याकडं अशी पाठ केली, जशी टोपल्यानंच तिला शिवी दिली होती.

दिवस मावळताना मायनं उरलेल्या पाती बघितल्या आणि हिशेब तोंडावर दिसला. उद्याही असंच चाललं तर टेम्पो भरत नाही.

घरी मी फुटलेच. "एवढं इटाळाचं हाय तर आल्या कामून? आपल्या मिरचीला हात लावला तर चालतंय, भाकरीला न्हाई?"

माय जळजळणाऱ्या हातांना लोणी चोळत होती. "तिचं बी इकडं आड तिकडं हीर झालंय ग. भाकर बांधून आणली तर ती रोजानं आली असं होतंय. आपली खाल्ली तर जात जाती. तिनं तरी काय करावं?"

"मंग येणारच न्हाई उद्या."

दादा कोपऱ्यातनं म्हणाले, "न्हाई आली तर बरंच. भावकीला कळालं मंजी आपल्यावरच येतंय सगळं."

शनिवारी दव उतरलं तरी बांधावर कुणी नाही. माय आणि मी पाती धरल्या. मी दर झाडाला वर बघत होते, दादांची मान माझ्यात आली होती. बऱ्याच उशिरा तिघी आल्या. कळशी होती. गाठोडं नव्हतं. म्हणजे तिनं घरी ठरवलं होतं की मजूर म्हणून जायचं नाही. पण दुपारचं काय ठरवलं होतं, ते तिच्या तोंडावरनं कळायला मार्ग नव्हता. माय टोपलं घेऊन आली होती, कालच्याइतकंच भरलेलं.

दुपारी लिंबाखाली बसतोय न बसतोय तोच शेजारणीचा चुलत दीर बांधावर येऊन उभा राहिला. गावातलं बडं प्रस्थ. त्याचाही कापूस लोळत होता, आणि आठवड्यापूर्वी त्यानं मायला बोलावणं पाठवलं होतं तेव्हा माय गेली नव्हती. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि तो हसला.

"वा. आमच्या कापसाला ह्यायच्या बाया न्हाईत, आन ह्यायच्या मिरचीला आमच्या बाया." मग भावजयीकडं वळला. "वहिनी, एक सांगा. रोजानं आलात का सावडीनं?"

एवढंच विचारलं त्यानं. मोठा आवाज नाही, शिवी नाही. पण दोन्हीकडनं कापणारं. रोजानं म्हटलं तर ती आमची मजूर, आणि सावडीनं म्हटलं तर हे टोपलं समोर आहे, खा. मुली खाली बघत होत्या. माय हलली नाही. शेजारीण आता उठून गेली असती तर माझी दहावी तिच्या पाठोपाठ गेली असती.

शेजारणीनं हात पुढं केला, टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं, एक भाकरी उचलली आणि दोन तुकडे केले.

"सावडीनं," ती म्हणाली.

चटणीला घास लावून तिनं तोंडात घातला, दिराकडं बघत चावला, आणि मुलींना म्हणाली, "बसलाव काय? खा. पात राहिलीय अजून." धाकटीनं तर झडपच घातली. दीर गेला, जाताना नुसती मान हलवत गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी मी एवढी भ्याले नसते. कळशीतलं पाणी संपलं तेव्हा थोरली मुलगी आमच्या विहिरीवर गेली आणि तिनं कळशी भरून आणली. त्याबद्दल कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही.

पोटात अन्न असलं की हात कसे चालतात ते त्या दुपारी बघावं. दिवस बुडायच्या आत शेवटची पात निघाली.

रविवारी सकाळी आमच्या शेताच्या गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. वाट त्या दिराच्या रानातनं जायची. दादा काट्या काढायला धजेनात. मग दादा, माय आणि मी सगळ्या गोण्या डोक्यावरनं नाल्यातनं रस्त्यापर्यंत वाहिल्या. माझी मान आठवडाभर वळत नव्हती. पण टेम्पो भरला आणि गेला. मिरची साधली. मी मनातल्या मनात पुस्तकांना कव्हरंही घातली.

आणि संध्याकाळी दादांनी बोचकं बांधायला घेतलं.

माय बघतच राहिली. "हे काय चाललंय?"

"उद्याचा ट्रक. जाऊ आपण. गाव थंड होईस्तवर." त्यांनी कोयता बोचक्यात खोचला. "आज काट्या टाकल्या, उद्या काडी लावतील. मागच्या बारीला गंज गेली, औंदा घर जाईल."

"आन सावड? त्या बाईनं माझ्या टोपल्यातलं खाल्लंय तिच्या दिरादेखत. तिचा कापूस तसाच टाकून पळू?"

"तुझी सावड तुझ्यापाशी."

मी मधे बोलले, मोठ्यानं बोलले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. मिरची साधली तर राहायचं असं ठरलं होतं, आणि मिरची साधली होती. एवढंच मला कळत होतं. दादा माझ्याकडं बघेनात. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांची भीती दिसण्याइतकी अक्कल मला राहिली नव्हती.

सोमवारी सकाळी दादा बोचकं डोक्यावर घेऊन फाट्याकडं गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. पण दादांनी तिथं शब्द दिला की मुकादम दुपारी ट्रक घेऊन वस्तीवर येणार आणि आम्हाला उचलणार. दिलेला शब्द मोडायची आमची टाप नव्हती. माय त्यांच्या पाठीकडं बघत होती. मग तिनं पदर खोचला. "चल. ट्रक येईस्तवर तरी सावड फेडू."

शेजारीण शेतात एकटीच होती. मुलींना घरच्यांनी येऊ दिलं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. आमच्यासाठी तिनं तीन पाती सोडल्या होत्या, पलीकडची चौथी स्वतः धरली होती. तीन हात आले होते, तीन फेडायचे होते. माय म्हणाली, "दोघीच हाव बाई. तिसरा हात मी मागनं फेडीन." ती म्हणाली, "बरं." मायनं एक पात धरली, मी एक धरली, आणि मधली तशीच राहिली. आम्ही पुढं सरकत होतो आणि ती पांढरी पात आमच्या दोघींच्या मधे उभी होती. मी एक कान रस्त्याकडं ठेवून कापूस वेचत होते.

दुपार झाली. टोपलं कुठं दिसेना. माझ्या मनात आलंच, झालं, गरज सरो वैद्य मरो. आमची खाल्ली, आता आपली द्यायची वेळ आली तर टोपलंच नाही.

ती बांधाशी गेली. तीन दगड मांडले. कापसाच्या ढिगाखालनं तवा काढला, काठवट काढली, पदराची गाठ सोडून पीठ काढलं. मी बघतच राहिले.

"सासूनं चूल देली न्हाई," ती आमच्याकडं पाठ करूनच म्हणाली. "म्हणली, त्यायच्यासाठी माझ्या चुलीवर भाकर न्हाई भाजायची. म्हणलं, बरं."

तिनं कापसाच्या गेल्या सालच्या पऱ्हाट्या मोडून जाळ केला. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला, उंच. रस्त्यावरची एक गाडी थांबली, मग दुसरी.

"बाई, धूर दिसतोय गावाला," माय हळूच म्हणाली.

"दिसू दे. चोरी करायले का मी?"

तव्यावरची पहिली भाकरी तिनं काढली आणि मायच्या हातावर ठेवली. वरनं टाकली नाही, हातावर ठेवली, बोटाला बोट लागलं. माझी माय याच घरच्या शेतात नवी नवरी असताना रोजानं जायची तेव्हा ओंजळ धरून पाणी प्यायची, वरनं ओतलेलं. ती भाकरी हातात घेऊन तशीच बसून राहिली, चटका बसत होता तरी. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाच राग आला.

तेवढ्यात फाट्याकडनं हॉर्न वाजला. लांबलचक, तीनदा. ट्रक सुटायचा हॉर्न. आता तो वस्तीकडं वळतो का सरळ जातो? आम्ही तिघीही कान देऊन बसलो. पण ट्रकच्या आधी दुसराच आवाज आला, पऱ्हाट्या तुडवत कुणीतरी धावत येतंय असा.

दादा होते. पटका सुटलेला, बोचकं काखेत, तोंडाला फेस. फाट्यावरनं त्यांना आमच्या शेतावर धूर दिसला होता. त्यांना वाटलं, लावली काडी. ट्रक, मुकादम, शब्द सगळं तिथंच टाकून, नाल्यातनं, काट्यातनं ते धावत आले होते. ते बांधावर येऊन थांबले आणि बघतात तर तीन दगड, तवा, आणि त्यावर फुगलेली भाकरी. रस्त्यानं ट्रक सरळ निघून गेल्याचा आवाज आला, आणि तो सगळ्यांनी ऐकला.

"बसा दादा," शेजारीण म्हणाली. "गरम हाय."

दादा बसले. बोचकं मांडीवरच होतं, ते त्यांनी हळूच खाली ठेवलं. भाकरी खाल्ली, पाणी प्यायले. मग उठले, सुटलेला पटका कमरेला बांधला आणि बाया बांधतात तशी त्याची ओटी केली.

"मधली पात माझी का?" त्यांनी विचारलं.

शेजारणीनं मान डोलावली. दादा मधल्या पातीत शिरले, वाकले, आणि पहिल्या बोंडातला कापूस काढून ओटीत टाकला. रस्त्यावर गाड्या थांबल्या होत्या, माणसं बघत उभी होती. पात संपेपर्यंत दादांनी एकदाही मान वर केली नाही.